वजा केलेला आवाज

सोमवार, ६ ऑक्टोबर

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान फुटपाथवर उतरवलं, हात झटकले आणि निघून गेला. आम्ही दोघं आपल्याच गाठोड्यांकडे ती परक्याची असल्यासारखे बघत राहिलो. मग हिने बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, बघत काय राहिलात, ती काही आपल्या पायांनी जिना चढणार नाहीत.

घर पहिल्या मजल्यावर आहे. पुढे एक ऐसपैस खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे एक छोटी खोली. तिला खिडकीच नाही, नुसता वर एक झरोका. घरमालक ती दाखवताना जरा ओशाळला, म्हणाला, अडगळीला वापरा. मला मात्र ती बघताक्षणी आवडली. भिंती जाड, रस्ता लांब पुढच्या बाजूला, पाठीमागे बंद गोदाम. टाळी वाजवून पाहिली तर आवाज घुमला नाही, जागच्या जागी विरला. मी हिला म्हटलं, ही आपली गाण्याची खोली. ती म्हणाली, तुमच्या गाण्याला सांगा, आधी मला गॅस जोडून दे.

माझा उभा जन्म कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात गेला. डावा कान मी तिथेच ठेवून आलो. तिथे बोलणं ऐकायचं नसे, बघायचं असे. समोरच्याचे ओठ हलले की आम्ही लांबून वाचायचो, वरिष्ठांची निंदासुद्धा त्यांच्याच देखत चालायची. ती सवय अजून सुटलेली नाही. ही म्हणते, तुमच्याकडे पाठ केली की मला मनासारखं बोलून घेता येतं.

गाणं मला कुणी शिकवलं नाही. आधी माऊथ ऑर्गन, मग जुना कीबोर्ड, चुकतमाकत जे हाताला लागलं ते लागलं. आता मात्र एक काम मनावर घेतलंय. लेक सातासमुद्रापार आहे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचे दिवस भरतात. हिचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत. लेकीने एकच मागितलं, आईची अंगाई. तिला निजवताना हिनेच जुळवलेली, रोज एखादी ओळ वाढवत नेलेली. ती रेकॉर्ड करून पाठवा बाबा, म्हणाली, म्हणजे आजी आली नाही तरी तिचा आवाज येईल. मोबाईलवर उरकायचं नाही असं मी ठरवलंय. खाली मी सूर धरणार, वर हिचा आवाज ठेवणार. त्यासाठी कंप्युटर हवा, आणि तो पारखून घ्यायचा.

तळमजल्यावर शिलाईचं दुकान आहे. तिथल्या ताई चहाची किटली घेऊन वर आल्या आणि जिन्यातच आम्हाला काका-काकू करून टाकलं. माणसं चांगली दिसतात. आज झोप छान लागणार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दुकानं पालथी घातली. एका चकचकीत दुकानात विक्रेत्याने मला असा कंप्युटर दाखवला की त्याच्या पोटात लाल, हिरवे, जांभळे दिवे पळत होते. सर्कशीचा तंबूच. सगळ्यात ताकदवान आहे म्हणाला. मी पेटीला उजवा कान लावला. आत तीन पंखे भणभणत होते. त्याला म्हटलं, बाबा रे, माइक समोर ठेवला की आधी तुझे पंखे गातील, मग माझी बायको. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ही बाहेर येताना म्हणाली, घेतला असतात तर वीज गेल्यावर उजेडाला झाला असता.

दुसरीकडे लॅपटॉप पाहिला. देखणा, हलका. मी घरून कीबोर्ड नेला होता, तो जोडला. पट्टी दाबली की सूर किंचित मागून येई. बोट आधी, सूर मग. जेवताना घास तोंडात गेल्यावर चव नंतर यावी तसं. असल्यावर वाजवायला बसलं की लय हातातून निसटते. मेमरी कमी, डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची, आणि पाच मिनिटांत तळ तव्यासारखा तापला.

मला हवा तो साधा आहे. डोकं चपळ, मेमरी ऐसपैस, न फिरणारी डिस्क, माइक जोडायच्या डबीला जागा, आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवणारा. ही म्हणते, नवरा शोधतानासुद्धा लोक इतकं बघत नाहीत, आणि शेवटचा गुण तर मला कुठे मिळाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मिळाला. जुन्या वस्तूंचा दुकानदार आहे, चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर तोच शोधणारा. त्याला गरज सांगितली. त्याने फळीच्या मागून एक काळी पेटी ओढली. अंगभर लोखंडी पात्या, पंखा एकही नाही. उष्णता पात्यांवरून आपोआप जाते म्हणे. कुणीतरी घरी गाणी करणाऱ्या माणसाची होती. मेमरी हवी त्याहून जास्त. कीबोर्ड जोडून पट्टी दाबली तर सूर बोटाखालीच उभा.

मग कान लावला. शंखाला कान लावला की आत काहीतरी ऐकू येतं. इथे उलटं. कान लावला तर दुकानसुद्धा ऐकू येईना. बाहेरचा रस्ता, दुकानदाराचा खोकला, सगळं जसं कापसात गुंडाळलं. कान उचलला की परत चालू. मी हिलाही लावायला लावला. तिने लगेच डोकं मागे घेतलं, म्हणाली, गार आहे हो ही. मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. गिरणीत जन्म घालवलेल्या माणसाला असली शांतता कुठे मिळायची.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मागच्या खोलीत सगळं लावून झालं. भिंतींवर जुन्या रजया टांगल्या, टेबलावर पेटी आणि स्क्रीन, समोर माइक. पेटीत आधीच्या माणसाचा गाणी करायचा प्रोग्राम तसाच होता. त्यात सफाईची सोय आहे, ती इथे लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरेन.

रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. आमच्याकडे फ्रीजची घरघर येते, मोरीच्या नळाचं टपटप, खालून ताईंच्या शिलाई मशीनची टीप. म्हणून गाण्याआधी माइक चालू करून सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि ‘शिक’ हे बटण दाबायचं. पेटी थोडा वेळ ऐकते. मग ‘पक्कं’ दाबायचं. म्हणजे तिला कळतं की हा सगळा केर आहे, आणि पुढे ती प्रत्येक रेकॉर्डिंगमधून तेवढं वजा करते. किती वजा करायचं त्याला एक पट्टी आहे, मागेपुढे सरकवायची.

मी ‘शिक’ दाबलं आणि श्वास रोखून बसलो. तेवढ्यात ही धुतलेले कपडे घेऊन आत आली. मी काहीतरी करतोय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. घड्या घालता घालता गुणगुणायला लागली. तीच अंगाई. माइक दिसला की हिचा आवाज बसस्टँडवरच्या घोषणेसारखा होतो, आणि आज असा मोकळा लागला की मी बघतच राहिलो. तिला हटकायचं म्हणून हात वर केला, पण थांबवायला मन झालं नाही. तिने शेवटची ओळ संपवली, घड्या उचलल्या आणि गेली. माझे डोळे भरले होते. त्याच भरात ‘पक्कं’ दाबून मोकळा झालो.

वाटलं, चला, गाणं तरी हाती आलं. शोधलं तर कुठेच नाही. शिकवणीचं रेकॉर्डिंग ती पेटी ठेवत नाही. हिला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, म्हणजे मी केरात. उद्या तिला नव्याने शिकवतो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

नव्याने शिकवता येत नाही. ‘शिक’ बटण फिकं पडलंय, दाबलं तर हलत नाही.

म्हटलं राहू दे, आधी हिला गायला लावू. तिला माइककडे पाठ करून बसवलं, हातात भाजी निवडायला दिली. सुरेख गायली. मी लगेच ऐकायला लावलं. खुर्चीची करकर आली. देठ मोडल्याचा आवाज आला. परात सरकली. हिचा आवाज नाही.

अर्थात कारण मला कळलं. मीच तिचं गाणं केर म्हणून शिकवलंय, ते वजा होतंय. मग सफाईची पट्टी अगदी खाली ओढली. खाली जाईना. वर मात्र लोण्यासारखी सरकते. माझ्या अर्धवट डोक्यात आलं, एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणली तर अडकलेलं सुटेल. गिरणीत मागात अडलेला धोटा आम्ही असाच पुढे ढकलून मागे काढायचो. पट्टी निम्म्यावर नेली. तिथे घट्ट बसली.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी ही म्हणाली, फ्रीज बंद पडला वाटतं. उघडून पाहिला, आत गारठा आहे. मागे हात लावला तर यंत्र थरथरतंय. घरघर मात्र नाही. नळाखाली बादली ठेवली. थेंब पडतात, पाण्यावर गोल उमटतात. आवाज नाही.

दुपारी शिलाईच्या ताई वर आल्या. त्यांचं मशीन चालतंय, टाका नीट पडतोय, पण टीप ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, काका, तुमचा कान मला लागला की काय. आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

ताई गेल्यावर खोलीत जाऊन पाहिलं. पट्टी मी निम्म्यावर सोडली होती. ती बरीच पुढे आहे.

दिवसभर हिने एकदाही गुणगुणलं नाही. विचारलं तर म्हणाली, आठवतंय सगळं, तोंडातून फुटत नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लेकीचा फोन आला. मी थोडं बोललो आणि हिच्या हातात दिला. ही नेहमीसारखी बोलत होती. पाय वर करून बस, पाणी पी, जड उचलू नकोस. मी समोर बसून सगळं ऐकत होतो. मग हिने गोंधळून फोन माझ्याकडे दिला. लेक विचारत होती, बाबा, आई काही बोलत का नाही, रागावली आहे का.

म्हटलं, अगं, इतका वेळ बोलतेच आहे. ती म्हणाली, नाही बाबा, पलीकडे काहीच नाही.

मी हिला म्हटलं, भिंतीकडे तोंड कर आणि काहीतरी बोल. तिने केलं. तिची मान हलत होती, खांदे हलत होते.

काहीच नाही.

दोन दिवस, कदाचित जास्तच, मी तिचे ओठ वाचत होतो. गिरणीत शिकलेलं. ती तोंडाने बोलत होती, मी डोळ्यांनी ऐकत होतो, आणि आवाज गेला हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं. सगळं स्वच्छ आहे म्हणाला. विश्रांती द्या, कोमट पाणी द्या. हिने डॉक्टरला विचारलं, गातासुद्धा येईल ना. त्याने मान वर केली नाही. त्याला कुठून कळणार तिने विचारलं ते. मीच विचारलं तिच्या वतीने.

घरी येऊन पेटीची वायर भिंतीतून उपटली. माइक काढला. पेटीवर रजई टाकली. ही बाजूला उभी होती. म्हणाली, इतकं काय मनाला लावून घेता, तुम्हाला माझं बोलणं कळतंय तोवर माझं काय अडलंय. मग म्हणाली, फक्त आता पाठ केली तरी चोरून बोलायची सोय नाही म्हणा, आवाजच नाही तर बोलू काय. मला हसवायला बघत होती.

मी हसलो. ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या चपला फटफट वाजतात, शेजाऱ्यांनाही पाठ असतील. वाजल्या नाहीत. कपाट उघडलं, भांडं काढलं, भांडं ओट्यावर ठेवलं. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पेटी पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, पैसे नकोत, फक्त परत घे, आणि शिकवलेलं पुसायचं कसं ते सांग. माझा अवतार बघून त्याने मला स्टुलावर बसवलं. जोडून पाहिली. त्याच्याही हाताने पट्टी खाली येईना. डिस्क पुसू या म्हणाला. पुसली. पुन्हा चालू केली तर प्रोग्राम तिथेच, पट्टी तिथेच. तिथे कुठली, आणखी वर.

मग त्याला विचारलं, ही आली कुठून. म्हणाला, एक बाई घेऊन आली होती, तिच्या भावाची. हिशेब करताना सहज विचारलं, भाऊ कुठे असतो. ती म्हणाली, घरातच आहे, फक्त ऐकू येत नाही. दुकानदाराला वाटलं बहिरा आहे. आता बोलताना मात्र तो कपाळावरचा चष्मा शोधायचंही विसरला. पेटी ठेवून घ्यायला तयार नाही. मलाही ठेवून यायचा धीर झाला नाही. तिच्यात काय काय आहे देव जाणे.

बुधवार, २९ ऑक्टोबर

शिलाईच्या ताई उसवलेली उशी घेऊन वर आल्या. ही खिडकीपाशी खुर्चीत होती. ताई बोलत बोलत सरळ त्याच खुर्चीत बसायला गेल्या. ही धडपडत उठली म्हणून बरं.

ताईंनी मला विचारलं, काकू लेकीकडे गेल्या का, बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत.

ही त्यांच्यासमोर उभी होती. त्यांच्या तोंडासमोर हात हलवत होती. मग हात खाली केला. माझ्याकडे बघितलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

दिवसभर तिचा हात धरून बसलो. हात आहे. ऊब आहे, थोडी. तिला एकटक बघितलं की दिसते, पापणी मिटली की पुन्हा शोधावी लागते. ओठ नीट वाचता येत नाहीत, पुसट झालेत. तिच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं म्हटलं. पेन चालवते, अक्षर उमटत नाही. मीही बोलायचं थांबवत नाही. लग्नापासूनचं सगळं सांगतोय. ती मान हलवते, मधेच हसते, मी काहीतरी चुकीचं सांगितलं की बोट नाचवते.

पेटी चालू करून पाहिली. पट्टी जवळजवळ टोकाला.

शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळी उठलो. हात धरूनच झोपलो होतो. मूठ तशीच वळलेली होती. आत काही नाही.

घरभर हाका मारल्या. ताई धावत वर आल्या. त्यांना काय सांगू —

उशीला खळगा आहे. मी बघत बसतो तेव्हा तो हळूहळू भरतो. मग पुन्हा पडतो. ती इथेच आहे. इथेच कुठेतरी —

रविवार, २ नोव्हेंबर

दुपारी पेटी फोडायला घेतली. हातोडी उचलली आणि स्क्रीनवर पट्टीखाली एक बारीक बटण दिसलं. ‘काढलेलं ऐका’. जे वजा केलं तेवढंच ऐकवणारं. सफाईच्या सगळ्याच प्रोग्रामांत असतं ते, चुकून गाणं कापलं गेलं नाही ना बघायला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

हेडफोन लावला. दाबलं.

फ्रीजची घरघर. नळ. ताईंच्या मशीनची टीप. चपलांची फटफट. आणि ती. अहो, ऐकताय का. अहो, मी इथे स्वयंपाकघरात आहे.

जुनं नाही. आत्ताचं. मी माइकमध्ये ओ दिली. ती रडायला लागली. म्हणाली, इतक्या हाका मारल्या, होतात कुठे.

ती याच घरात आहे म्हणते. हीच भिंत, हाच ओटा. फक्त तिथे माणूस नाही. रस्त्यावरही नाही. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी काहीतरी करतो. ती म्हणाली, घाबरले नाही, मागच्या खोलीत तुम्ही बसलेले असता ना, तुमचा श्वास ऐकू येतो, तेवढा आधार आहे.

मी तर आज दुपारपर्यंत पुढच्या खोलीतच होतो —

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन ठेवला आणि धावत माइकपाशी गेलो. तिला सांगितलं. मग म्हणाली, नाक कुणाचं आहे विचारलंत का.

मग ती गायली. सगळी अंगाई, पहिल्यापासून. शेवटी एक नवीन ओळ लावली, नातीसाठी. मी रेकॉर्ड लावलं होतं. लेकीला पाठवलं. तिचा निरोप आला, बाबा, यात काहीच नाहीये, तुम्ही बरे आहात ना.

गाणं चालू असताना मलाही ऐकू आला. श्वास. माझा नाही. तिचा नाही. जाड, ओढल्यासारखा. आधी लांब होता, मागच्या खोलीत. गाणं संपताना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला होता. ऐकायला आल्यासारखा.

मी तिला विचारलं, कुणी आहे का तिथे. ती म्हणाली, तुम्हीच की. असं काय विचारता.

खरं सांगितलं. सांगायला नको होतं. तेव्हापासून ती कुजबुजते आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळ

दिवा लावून घेतला म्हणते. दाराला खुर्ची लावली. तो दारापलीकडे बसलाय. बोलत नाही. ती गप्प राहिली की तो जवळ येतो, म्हणून सतत बोलते आहे. भाजीचे भाव, लेकीचं बाळंतपण, काहीही. आवाज बसत चाललाय तिचा.

‘शिक’ बटण आज उजळलंय. आपोआप.

दुपार

तिला सांगितलं, मी येतो. ती नको म्हणते. हातापाया पडते. म्हणते, एक तरी तिकडे हवा, नातीला कुणी तरी हवं. म्हणते, दाबलंत तर माझी शपथ. माझी लाडकी, आयुष्यभर माझ्याशी भांडली, आज पहिल्यांदा —

तिथे ती एकटी आहे. एवढंच मला कळतं.

‘शिक’ दाबलं. माइकसमोर बसून बोललो. नाव, गाव, गिरणी, काय येईल ते. माऊथ ऑर्गन वाजवला. खोकलो. हसलोसुद्धा. ‘पक्कं’. पट्टी टोकाला.

खुर्ची करकरत नाही आता. पेन चालतंय, खरखर नाही. बरं झालं, लवकर लागतंय. छातीवर हात ठेवला, ठोका बोटांना लागतो, आत ऐकू येत नाही.

हेडफोन तसाच आहे. ती बोलते आहे. तिला ओरडून सांगितलं, आलोच, थोडं थांब, दार उघडू नकोस. माझा आवाज मला आला नाही. तिला गेला का. गेला असेल तिकडेच —

ती थांबली बोलायची.

खुर्ची सरकवल्याचा आवाज. दाराची कडी.

नको. अगं नको. अजून मी —

ती हसते आहे. म्हणते, आलात. म्हणते, किती वाट बघायला लावली. म्हणते, हात किती गार पडलाय तुमचा.

मी अजून इथेच आहे. खुर्चीत. लिहितोय. मी अजून इथे